अकोल्याची डाळ, कोरियाचा कायदा

कोर्टातलं प्रकरण निकाली निघालं की त्याचा बस्ता बांधायचा, वर नंबर टाकायचा आणि रेकॉर्ड रूममध्ये ढकलून द्यायचा. पुन्हा त्याचं तोंड पाहायची गरज नाही. किश्शांसाठी अशी रेकॉर्ड रूम कोणी बांधली नाही, हे आम्हा वकिलांचं दुर्दैव! ते डोक्यातच साचत राहतात. दुपारी बार रूममध्ये पंख्याखाली जरा डोळे मिटून पडावं म्हटलं, की कोणीतरी डबा उघडता उघडता म्हणतंच, "तायडे मॅडम, तो कोरियावाला सांगा ना!"

सांगते बाप्पा. सांगून सांगून माझा घसा बसला, पण ऐकणाऱ्यांचं समाधान काही होत नाही.

आधी आमच्या चेंबरची ओळख. अमरावतीच्या कोर्टात गावंडे साहेब म्हणजे जुनं खोड. मी त्यांची ज्युनियर. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, गुडघ्यांनी संप पुकारला, तरी ज्युनियर ती ज्युनियरच! तिसरा राऊत वकील. त्याचं टेबल आमच्या चेंबरमध्ये आणि तोंड साऱ्या कोर्टभर. बाकी एक कुरकुरणारा पंखा आहे. तो आमच्यातला सगळ्यात कामसू.

*

सलीमभाई अकोल्याचे. घर जुन्या शहरात, डाळ मिल एमआयडीसीत. मिल वडिलांनी उभी केलेली, आणि वडिलांच्या वेळेपासूनची सगळी कोर्टाची कामं गावंडे साहेबांकडे. एक दिवस सलीमभाई चेंबरमध्ये आले आणि जाडजूड करार टेबलावर ठेवून खाली मान घालून बसले.

त्यांनी डाळ निवडायची कोरियन मशीन आणली होती. कॅमेऱ्याने एकेक दाणा पाहायचा आणि खराब दाण्याला हवेचा फटका मारून बाहेर उडवायचं, असं त्या मशीनचं काम. ती करायची नेमकं उलटं! चांगली तूरडाळ बाहेर उडवायची आणि काळे दाणे पोत्यात सोडायची. व्यापारी माल परत पाठवायला लागले. ज्या मिलच्या पोत्याचं तोंडही विश्वासापोटी कोणी उघडून पाहत नव्हतं, त्या मिलची डाळ आता बाजारात मुठीत घेऊन, फुंकर मारून तपासत होते.

गावंडे साहेबांनी करार वाचला. सावकाश वाचतात ते, ओठ हलवत. शेवटच्या पानावर ओठ थांबले. तिथे लिहिलं होतं की वाद झालाच तर तो सोलच्या कोर्टात, कोरियाच्या कायद्याने चालेल.

"सलीमभाई, हे सही कराच्या आधी वाचलं होतं?"

"शेवटचं पान होतं ना साहेब. शेवटच्या पानापर्यंत कोन जाते?"

"मी जातो! पन सही कराच्या आधी मले बोलावते कोन? सारे मयत झाल्यावर डॉक्टर आनतात!"

सलीमभाई हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, नवी तूर बाजारात याच्या आत मले सांगा. लढता येत असन तं लढतो. कर्ज काढून सोलले जातो. नाई तं मिल विकून टाकतो. बाजूचा मिलवाला घ्याले तयारच बसला हाय."

असं होतं एकूण. भांडायचं की मिल विकायची, हे आम्ही सांगायचं. आणि कोरियाच्या कायद्याबद्दल आमच्या अख्ख्या बारमध्ये कोणालाही अक्षर ठाऊक नव्हतं. घरी मुलीला विचारलं, कारण ती दिवसभर कोरियन सीरियल पाहते. ती म्हणाली, "आई, तिकडचे वकील खूप देखणे असतात."

एवढंच ज्ञान हाती लागलं!

*

मग ते सॉफ्टवेअर आलं. राऊतनेच कुठून तरी शोधून काढलं. आपला वाद साध्या भाषेत टाइप करायचा, ते कोरियातले तसल्या वादांचे निकाल शोधतं, इंग्रजीत करून देतं आणि अशा भांडणात कोणाची बाजू टिकली, कोणाची पडली ते दाखवतं. कोर्टात जायच्या आधी. आम्हाला तीस-तीस वर्षं कोर्टात गेल्यावर कळतं, ते हे आधीच सांगणार!

विकणारा मुलगा पुण्याचा. व्हिडिओ कॉलवर त्याने फार गोड समजावलं. "सर, आमचं टूल निकाल वर्तवत नाही. ते फक्त न्यायनिर्णयांचा कल दर्शवतं."

गावंडे साहेब म्हणाले, "म्हंजे भांडाच्या आधीच सांगते, कोन मार खाईन?"

पुण्याच्या मुलाने कॉलर सैल केली. मग, "हो... म्हणजे... तसंही म्हणता येईल, सर."

"मंग सरळ बोल ना बाबू! घाबरून काऊन राहिला?"

ट्रायल म्हणून साहेबांनी सलीमभाईंचं प्रकरण दिलं नाही. स्वतःचं दिलं! शेजाऱ्याच्या कुलरचं पाणी यांच्या अंगणात पडतं, त्यावरून दोघांची बोलचाल कितीतरी उन्हाळ्यांपासून बंद आहे. मी टाइप केलं. सॉफ्टवेअरने सोलच्या उंच उंच इमारतींमधले निकाल काढले. वरच्या फ्लॅटच्या एसीचं पाणी, वरच्या पोरांचे पाय आपटणं, असलंच सगळं. आणि खाली सार दिलं की एवढा त्रास शेजाऱ्याने सहन करण्याच्या मर्यादेत बसतो; तक्रारदार बहुतेक हरलेले आहेत.

"मर्यादेत?" साहेब खुर्चीतून उठले. "त्याले म्हना, एक उन्हाळा माह्या अंगनात झोपून पाह्य!" मग स्क्रीनकडे संशयाने बघत मला हळूच विचारलं, "मॅडम, हे सॉफ्टवेअर माह्या शेजाऱ्यानं तं नाई पाठवलं?"

त्या दिवसापासून राऊतने त्याचं नाव किमसाहेब ठेवलं. आणि ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर माझा चष्मा नवीन होता!

*

बार रूममध्ये बातमी पसरायला काय लागतं? चहा पिता पिता लोक विचारायला लागले, "किमसाहेब काय म्हनते?" ज्याचं-त्याचं प्रकरण माझ्याकडे. भाडेकरू, घटस्फोट, बांध, विहीर. मी कंटाळून गेले. म्हटलं, अहो, इथल्या कोर्टात कोरियाचा निकाल कोण विचारतो? तर म्हणे, "विचारून तं पाहा मॅडम, पाहाले काय जाते!"

राऊतचा एक पक्षकार तिवस्याचा. त्याने संत्र्याची कलमं लावली होती, शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी ती चरून टाकली. राऊतने माझी नजर चुकवून ते किमसाहेबाला विचारलं. निकाल आला. कोरियात कोणाच्या तरी कुत्र्याने कोणाचं तरी कोबीचं शेत तुडवलं होतं आणि कुत्रा बांधून ठेवला नाही म्हणून मालकाला जबाबदार धरलं होतं.

पक्षकाराने लक्ष देऊन ऐकलं. "मंग त्या कुत्र्याचं काय केलं?"

"कुत्र्याचं काई नाई. मालकाले धरलं."

"बराबर हाय," तो म्हणाला. "समजदार देश हाय."

गावी जाऊन त्याने पानटपरीवर सांगितलं की आपली केस कोरियात निघाली होती आणि निकाल आपल्या बाजूने लागला. दुसऱ्याच दिवशी शेजारी धापा टाकत आमच्या चेंबरमध्ये हजर! बकऱ्या आपल्याच होत्या हे त्याने बसायच्या आधी कबूल केलं. हात जोडून राऊतला म्हणाला, "वकील साहेब, नवी कलमं लावून देतो, पन हे इथंच मिटवा. माह्याजवळ पासपोर्ट नाई!"

किमसाहेबाने आमच्या चेंबरला मिळवून दिलेलं हे एकमेव यश.

*

सलीमभाईंच्या प्रकरणाची सगळी हकीकत किमसाहेबाला द्यायची तर ती आधी आपल्याला ठाऊक हवी. म्हणून मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. ऑक्टोबर होता, पण अकोल्याला ते कोणी कळवलेलं नव्हतं. ऊन मे महिन्याचंच. मिलमध्ये मशीन सुरू करून दाखवली. फट्-फट् आवाज करत ती चांगली, सोन्यासारखी डाळ कचऱ्यात उडवत होती. पाहवेना. मी म्हटलं, बंद करा हो ते.

"कंपनीकडे तक्रार कधी केली?" मी विचारलं.

सलीमभाई पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागले.

मग मला जुन्या शहरात घरी नेलं, आणि तिथे हळूहळू कळलं ते असं. कंपनीचा इंजिनियर म्हणजे पार्क साहेब. चाळिशीचा, अबोल माणूस. सर्व्हिसिंगसाठी दर काही महिन्यांनी कोरियाहून यायचा. प्रत्येक वेळी सलीमभाई त्याला मिलवर नेण्याआधी घरी न्यायचे. जुन्या शहरात, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या दस्तरखानावर. बिर्याणी, शिरखुर्मा, सीझन असेल तर आंबे. एकदा तर पुतणीच्या लग्नात नेऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. फोनमध्ये भाषांतराचं ॲप लावून पार्क साहेब प्रत्येक वेळी विचारायचा, मशीनचा काही त्रास आहे का? आणि सलीमभाई प्रत्येक वेळी म्हणायचे, "नो प्रॉब्लेम! आप आए, यही बहुत है!"

"अहो, मशीन डाळ उडवून राहिली होती ना?" माझा आवाज चढला. "मग नो प्रॉब्लेम काऊन म्हटलं?"

"मॅडम, मेहमान के मुंह पे बोलूं? निवाला त्याच्या हातात होता!"

"मग जेवण झाल्यावर बोलायचं!"

"जेवल्यावर तं अजूनच बोलता येत नाई मॅडम. खिलाके सुनाना? लोक काय म्हनतीन?"

"व्हॉट्सॲपवर तरी लिहायचं?"

त्यांनी उत्साहाने फोन काढला. "रोज लिहितो ना!" मी वर-वर सरकवत गेले. गुलाबाची फुलं. चहाचा वाफाळता कप. जुम्मा मुबारक. पार्क साहेबाकडून कमरेत वाकून नमस्कार करणारं मांजर. पुन्हा गुलाब. पुन्हा मांजर. मशीनचा एक शब्द नाही! मी डोकं धरून बसले, तर आतून त्यांच्या बेगमने निरोप पाठवला की मॅडमला डोकेदुखी दिसते, जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका.

जेवले. आणि खोटं कशाला बोलू, जेवताना मलाही त्यांना आणखी काही बोलता आलं नाही.

*

ही सगळी हकीकत, गुलाब आणि मांजरांसकट, मी किमसाहेबाला दिली. त्याने ढीगभर निकाल काढले. सगळ्यांचा सूर एकच. व्यापाऱ्याने माल घेतला तर ताबडतोब तपासायचा आणि दोष दिसला की लगेच विकणाऱ्याला कळवायचा. गप्प बसला तर हक्क गेला. खाली आमच्या प्रकरणाबद्दल एक ओळ होती. दोन्ही बाजूंचे संबंध जिव्हाळ्याचे असून खरेदीदार समाधानी असल्याचे दिसते.

"समाधानी?" गावंडे साहेब ओरडले. "त्याचं ब्लड प्रेशर मोजून पाहाले सांगा त्याले!"

मग साहेबांनी जे केलं ते मी तरी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काळा कोट चढवला, खुर्ची स्क्रीनसमोर ओढली आणि किमसाहेबाचा उलटतपास सुरू केला! ते बोलणार, मी टाइप करणार.

"विचारा त्याले. हे खरं आहे काय की, पाहुन्याले तोंडावर बोलनं आमच्याकडे वाईट समजतात?"

उत्तर आलं, तशी प्रथा असू शकते, पण निकालांचा कल बदलत नाही.

"विचारा, हे खरं आहे काय की, इंजिनियरले डोळे आहेत आनं मशीन त्याच्यासमोरच डाळ उडवत होती?"

शक्य आहे. पण कल बदलत नाही.

"माझं म्हणणं असं की, तुम्ही कोरियाचे असल्यामुळे कोरियाच्या कंपनीच्या बाजूने खोटी साक्ष देत आहात!"

किमसाहेबाने माहिती स्पष्ट केल्याबद्दल आभार मानले. कल बदलला नाही.

साहेबांनी कोट काढला, घाम पुसला. "मॅडम, भले भले साक्षीदार फोडले मी. पन असा नाई पायला. ना चिडते, ना पानी मांगते!"

राऊत म्हणाला, "साहेब, त्याले पुढची तारीख देऊन द्या."

आम्ही खूप हसलो. मग मला अकोल्याला फोन करायचा होता. सलीमभाईंना सांगायचं होतं की लढू नका, हराल. तो फोन करायचं मी दिवसभर टाळलं. कोर्टात लोकांना वाईट बातम्या सांगण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं. पण त्या दिवशी मला या धंद्याचा मनापासून वीट आला. सांगितलं शेवटी. मागे मशीनचा फट्-फट् आवाज चालूच होता. मग म्हणाले, "ठीक हाय मॅडम. बाजूवाल्याशी बोलतो मी."

*

फोन ठेवला आणि गावंडे साहेबांची हाक आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते एकटे किमसाहेबासमोर बसले होते. एका बोटाने एकेक अक्षर शोधून त्यांनी एक प्रश्न टाइप केला होता. खरेदीदाराने तक्रार केली नाही, पण विकणाऱ्याला दोष आधीच माहीत असेल तर?

किमसाहेबाने कल बदलला! विकणाऱ्याला दोष ठाऊक असूनही त्याने लपवला, तर खरेदीदाराने तक्रार केली की नाही हा मुद्दाच उरत नाही, असं त्याचं म्हणणं. खाली निकाल दिलेले.

साहेबांचे डोळे चमकले. "म्हंजे कंपनीच्या मानसाच्या तोंडातून एकदा निंगालं पायजे, का आमाले पयलेपासून मालूम होतं. मंग मिल वाचते!"

"आनं तो कायले म्हनन?" राऊत म्हणाला.

"विचारल्याशिवाय तं नाईच म्हनन!"

पार्क साहेब वॉरंटीतल्या शेवटच्या सर्व्हिसिंगला येणार होता. पुन्हा काही तो येणार नव्हता. ठरलं असं की सलीमभाईंनी त्याला तोंडावर सांगायचं, मशीन खराब आहे, आणि विचारायचं, तुम्हाला हे माहीत होतं का? भाषांतराचं ॲप मोठ्याने बोलतंच. शेजारी माझा फोन, त्यात रेकॉर्डिंग.

यासाठी चेंबरमध्ये रीतसर तालीम घेतली! गावंडे साहेब पार्क झाले. सलीमभाई समोर. येताना कचोऱ्या घेऊन आले होते. "रिहर्सलले खाली हात कसा येऊ?"

"बोला सलीमभाई."

"पार्क साहब..." मान खाली. "आपकी मशीन... खराब है. चटनी लीजिए."

"वाक्य बराबर हाय," राऊत म्हणाला. "चटणी काढा!"

पुन्हा. "पार्क साहब, आपकी मशीन खराब है. आपने कुछ खाया ही नहीं!"

दुपारभर हेच चाललं. गावंडे साहेबांचाही जीव कचोरीत अडकलेला. प्रत्येक वेळी आग्रह आणि प्रत्येक वेळी हे खाणार! दुसऱ्या दिवशी कोर्टात मला त्यांच्या वतीने अर्ज द्यावा लागला, की विद्वान वकिलांची प्रकृती अस्वस्थ असल्याने तारीख मिळावी.

*

आता शेवटचा भाग. सगळे यासाठीच थांबतात, मला माहीत आहे.

पार्क साहेब आला त्या दुपारी मी आणि गावंडे साहेब जुन्या शहरात सलीमभाईंच्या घरी होतो. 'घरचीच माणसं' म्हणून आमची ओळख करून दिली. दस्तरखान अंथरलं. पार्क साहेबाला मांडी घालता येत नव्हती, पाय एका बाजूला घेऊन कसाबसा बसला. त्याचा फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. ते ॲप हिंदीतून बोलायचं, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. माझा फोन पापडाच्या ताटाजवळ, रेकॉर्डिंग चालू. सलीमभाईंना ते ठाऊक होतं.

वाढणं झालं. गावंडे साहेबांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"पार्क साहब..." सलीमभाई म्हणाले. बाईने कोरियनमध्ये हाक मारली. पार्क साहेबाने वर पाहिलं. सलीमभाईंनी रायत्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. "...मिर्ची ज्यादा तो नहीं हुई?"

गावंडे साहेबांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मला त्या क्षणी वाटलं की या माणसाने आयुष्यात एकदा तरी वाईट वागावं. एकदाच! मिल जात होती हो त्याची.

मिर्ची बरोबर आहे, असं बाईने सांगितलं. थोड्या वेळाने पार्क साहेबाने काहीतरी विचारलं. बाई म्हणाली, "आते हुए मिल दिखी. आज बंद क्यों है?"

"बेच रहा हूं," सलीमभाई अगदी सहज म्हणाले, जसं काही दुकानाची वेळ सांगताहेत. "अगले हफ्ते कागज हो जाएंगे. आप कभी इधर आए तो मिल दूसरे की रहेगी. लेकिन खाना इधरच खाने का, हां!"

बाईने ते सगळं कोरियनमध्ये सांगितलं. पार्क साहेबाचा घास हातातच राहिला. त्याने तो परत ताटात ठेवला. मग खाली मान घालून बोलायला लागला. बराच वेळ बोलला. त्याचे कान लाल झाले होते. तो थांबल्यावर बाई तिच्या त्याच बातम्यांच्या आवाजात म्हणाली:

"यह मशीन चावल के लिए बनी है. तुअर दाल के लिए नहीं. यह मुझे पहले दिन से पता था. मैंने ऑफिस को बताया. ऑफिस ने कहा, ग्राहक शिकायत नहीं कर रहा है, इसलिए तुम चुप रहो. मैं हर बार सोचकर आता था कि आज आपको बता दूंगा. हर बार आप मेरे आने से पहले खाना लगा देते थे."

गावंडे साहेबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पापडाच्या ताटाजवळ माझ्या फोनवर लाल ठिपका चालू होता. सगळं आलं होतं त्यात. ऑफिस, पहिला दिवस, सगळं. किमसाहेब जे मागत होता ते अक्षरशः ताटात वाढून मिळालं होतं.

कोणीच जेवत नव्हतं. सलीमभाई पार्क साहेबाकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं. रुमालाला हात पुसले, फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे मिटवतात कसं?"

 गावंडे साहेबांचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'भाई' गाळलं.

"सलीम! अबे तुह्या बापाची मिल हाय ते!"

"हाव साहेब," सलीमभाई म्हणाले. "आनं हे घर बी त्याईचंच हाय."

मी त्यांना दाखवलं, कसं मिटवतात ते.